नुरा कुस्तीतली खरी हाडं

कुस्तीच्या फडात ‘नुरा’ हा शब्द शिवीच्या जवळचा आहे. दोन पहिलवानांनी आधी बसून ठरवलेली, इनामाची वाटणीही ठरवून घेतलेली लढत म्हणजे नुरा. कोल्हापूरच्या खासबागेत बसणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाला तिचा वास चार-पाच मिनिटांत येतो आणि मग हुर्यो सुरू होते. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केबलच्या तारेवरून डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या अमेरिकी कंपनीची ठरवून केलेली कुस्ती, घरात शिरलं, तेव्हा मोठ्यांनी एका वाक्यात निकाल लावला: सगळं नुरा आहे, बंद करा. मुलं मात्र ट्रम्प कार्डांवरचे उंची, वजन, छाती आणि दंडाचे आकडे पाठ करत राहिली. त्याआधीच्या पिढीनं वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींबद्दल हाच वाद घातला होता.

तो वाद अजून मिटलेला नाही, पण त्यातला प्रश्नच चुकीचा आहे. ‘खरं की खोटं’ हे विचारत राहिल्यानं एकाच पक्षाचं भलं झालं, आणि तो पक्ष म्हणजे कंपनी. निकाल ठरलेला असतो, हे तर कंपनीनं स्वतःच, सरकारी सभागृहात, स्वतःच्या फायद्यासाठी सांगून टाकलं होतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच: निकाल ठरलेला असला तरी शरीर कुणाचं आपटतं, आणि त्या आपटण्याची जबाबदारी कुणाच्या खात्यावर लिहिलेली असते?

उदाहरणासाठी एकच कार्यक्रम घेऊ. 19 जानेवारी 1992, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी शहराचं निकरबॉकर अरीना, कार्यक्रमाचं नाव ‘रॉयल रंबल’. पॅट पॅटरसन या जुन्या पहिलवानाच्या डोक्यातून निघालेला हा प्रकार 1988 साली कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये 20 जणांनिशी पहिल्यांदा टीव्हीवर आला, आणि पुढच्या वर्षीपासून संख्या 30 झाली. दोघं सुरुवात करतात, दर दोन मिनिटांनी एक नवा गडी येतो. वरच्या दोरीवरून बाहेर गेला आणि दोन्ही पाय जमिनीला लागले की बाद. शेवटी उरेल तो विजेता. त्या वर्षी विजेत्याला थेट जागतिक विजेतेपदाचा पट्टा मिळणार होता. 1991 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हल्क होगन आणि अंडरटेकर या पहिलवानांत आठवड्याच्या आत दोनदा पट्ट्याची अदलाबदल झाली, दोन्ही वेळा भानगडीनं, आणि अध्यक्ष म्हणून दाखवले जाणारे जॅक टनी यांनी तो रिकामा जाहीर केला. अर्थात ही भानगडही लिहिलेलीच.

रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर आला. वय 42, पुढच्या महिन्यात 43 पूर्ण होणार. सामना सुमारे 62 मिनिटं चालला आणि त्यातली साधारण 60 मिनिटं फ्लेअर आत होता. हा सामना पुन्हा नीट पाहणाऱ्याला त्यात तीन वेगवेगळ्या कारागिऱ्या दिसतील, आणि तिन्ही ‘खोटं आहे’ या वाक्याखाली गाडल्या गेल्या आहेत.

पहिली, पडण्याची. डब्ल्यूडब्ल्यूएफची रिंग 20 फूट बाय 20 फूट. खाली पोलादी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेला कॅनव्हास. गादी म्हणावी असं त्यात काही नाही. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, श्वास बाहेर सोडायचा, पाठीचा वरचा रुंद भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यांसकट खाली आपटायचे, म्हणजे आघात एका जागी न राहता पसरतो. यातलं एक जरी चुकलं तरी किंमत ठरलेली. हनुवटी सुटली की मान मागे हिसकून डोकं फळीवर आदळतं. श्वास कोंडला की छाती बधिर होते. हात लवकर खाली गेला की कोपर किंवा मनगट जातं. आणि सगळं बरोबर केलं तरी फळी ही फळीच असते. एका रात्री दहा-पंधरा वेळा, वर्षातले अडीचशेहून अधिक दिवस, अशी वर्षानुवर्षं पाठ आपटली तर मणक्यांमधल्या चकत्यांचं काय होतं, ते निवृत्त पहिलवानांच्या चालण्यात दिसतं.

फ्लेअरचं पडणं सामना हळू फिरवून पाहावं असं आहे. 4 ऑक्टोबर 1975 रोजी उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनजवळ त्याचं लहान विमान कोसळलं. त्याचा मणका तीन ठिकाणी मोडला, आणि पुन्हा कुस्ती जमणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो काही महिन्यांत परतला, पण पडण्याची रीत बदलून. खांद्यावरून उंच उडवलं की इतर जण सपाट पाठीवर उतरतात, फ्लेअर कुशीवर, नितंबाच्या बाजूनं उतरतो. अल्बनीतही तो तसाच पडला. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीची एक खरी इजा त्या ‘खोट्या’ सामन्यातल्या प्रत्येक उडीचा कोन ठरवत होती.

वरच्या दोरीवरून बाहेर जाणं याहून अवघड. दोरीची उंची आणि रिंगचा ओटा मिळून जमिनीपासून सातेक फूट होतात, आणि खाली काँक्रीटवर पातळ चटया. बाहेर फेकणारा खरं तर फक्त कंबरेला आधार देतो. बाहेर जाणारा एका हातानं वरची दोरी पकडून ठेवतो, शरीर तिच्याभोवती फिरवतो आणि पाय आधी खाली येतील असं बघतो. फेकणाऱ्यानं घाई केली किंवा घामानं हात निसटला, की माणूस मानेवर उतरणार. त्या रात्री हे 29 वेळा करायचं होतं, बऱ्याचदा सात-आठ जण एकाच वेळी दोरीला लोंबकळत असताना.

दुसरी कारागिरी रचनेची, आणि इथे मराठी माणसाला परकं वाटू नये असं बरंच आहे. तमाशाचा वग पूर्वी असाच बांधत. कथानक ठरलेलं, राजा कोण, प्रधान कोण हे ठरलेलं, पण बोलणं बोर्डावर उभं राहिल्यावर सुचेल तसं. समोरचा प्रेक्षक कुठे हसला, कुठे कंटाळला हे पाहून प्रसंग लांबवायचा किंवा गुंडाळायचा. रंबलमध्येही आधी ठरतो तो क्रम: कोण कधी येणार, कोण कुणाला काढणार, शेवटचे चार कोण. मधलं बरंचसं रिंगमध्येच कानाला लागून ठरतं. दोघं कोपऱ्यात एकमेकांना रेटत असल्यासारखे दिसतात तेव्हा एक जण विश्रांती घेत असतो आणि दुसरा पुढचा डाव सांगत असतो.

अल्बनीच्या सामन्याची बांधणी अशी की अर्ध्याच्या आसपास रिंग जवळजवळ रिकामी होते आणि फ्लेअर एकटा उरतो. साठ मिनिटांच्या गर्दीत हा एक मोकळा श्वास. तो कॉलर ताठ करतो न करतो तोच पंधरावा गडी म्हणून रॉडी पायपर येतो, आणि पायपर-फ्लेअर यांचं वैर लोकांना माहीत असल्यामुळे सगळं अरीना उभं राहतं. ही रिकामी जागा ठेवणं म्हणजे लयीची जाण. ज्यांनी ती ठेवली त्यांचं नाव पडद्यावर कुठे नाही.

मग चूक. रँडी सॅव्हेजनं आपला कट्टर वैरी जेक रॉबर्ट्सला बाहेर फेकलं आणि त्याच झोकात स्वतःही वरच्या दोरीवरून बाहेर उडी मारली. नियमाप्रमाणे तो बाद. पण सॅव्हेज शेवटच्या चारांत हवा होता. त्याला उचलून पुन्हा आत लोटलं गेलं आणि समालोचकांनी तिथल्या तिथे अर्थ लावला की दुसऱ्यानं बाहेर काढलं तरच बाद, स्वतः उडी मारली तर नाही. गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन या जोडीनं हे इतक्या सहज केलं की घरी बसलेल्या बहुतेकांना तो नियम पहिल्यापासूनच आहे असं वाटलं. हीननचं त्या रात्रीचं काम ही तिसरी कारागिरी. तो फ्लेअरचा पक्षपाती समालोचक. तासभर त्याचा जीव टांगणीला लागलेला, पायपर फ्लेअरला वाचवतो असं वाटलं की पायपर भला माणूस, पुढच्या क्षणी पायपरनं फ्लेअरला मारलं की तोच नीच. हे सगळं श्वास न घेता. त्या तासाभरातलं निम्मं नाट्य त्याच्या आवाजात आहे.

शेवट तर ठरवणाऱ्यांच्याही हातून थोडा निसटला. सिड जस्टिसनं होगनला मागून बाहेर काढलं. कथेप्रमाणे लोकांनी सिडला शिव्या द्यायच्या होत्या. अल्बनीतल्या बऱ्याच लोकांनी उलट जल्लोष केला. होगननं बाहेरून सिडचा हात धरून ठेवला, फ्लेअरनं मागून सिडला ढकललं आणि पट्टा फ्लेअरचा. आठ वर्षं नायक म्हणून विकलेला माणूस हरल्यावर बाहेरून रडीचा डाव खेळतो, हे लोकांना दिसलं. नंतर टीव्हीवर हा प्रसंग दाखवताना समालोचन बदलून सिडला खलनायक केलं गेलं, कारण एप्रिलमधल्या रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, होगन-सिड लढत विकायची होती. नुरा कुस्तीत प्रेक्षक फसतो असं म्हणतात. इथे प्रेक्षकानं निकालाला नाही, तर निकालाच्या अर्थाला हरकत घेतली, आणि ध्वनिपट्टी बदलावी लागली.

आता जबाबदारीकडे.

1989 च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या सिनेटसमोर एक विधेयक होतं. तोवर तिथे व्यावसायिक कुस्तीवर राज्याच्या क्रीडा नियामकांची देखरेख असे. पहिलवान, पंच, आयोजक यांना परवाने लागत, सामन्याआधी वैद्यकीय तपासणी लागे, आणि टीव्ही प्रक्षेपणावर कर द्यावा लागे. डब्ल्यूडब्ल्यूएफनं भूमिका घेतली की ही स्पर्धा नाहीच, प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी केलेली झटापट आहे; तेव्हा स्पर्धेचे नियम आणि कर आम्हाला नकोत. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की कुस्तीवाल्यांनी गुपित फोडलं. लोक हसले. गुपिताच्या मथळ्याखाली तपासणी रद्द होण्याची बातमी होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

बरं, खेळ नाही तर नाट्य. मग नटाला जे मिळतं ते मिळावं की नाही? अमेरिकेत पडद्यावरच्या नटांची संघटना आहे, किमान मानधनाचे करार आहेत, पुनःप्रक्षेपणाचे पैसे आहेत, आरोग्यविमा आहे. पहिलवानांना यातलं काही नव्हतं. कागदावर ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. म्हणजे कामावर मान मोडली तर कामगार-भरपाई कायद्याचं छत्र नाही, विमा स्वतः बघायचा, सामाजिक सुरक्षेच्या करातला मालकाचा वाटाही स्वतःच भरायचा, आणि गावोगावी भाड्याची गाडी आणि हॉटेलही बहुतेक वेळा खिशातून. हा स्वतंत्र कंत्राटदार कुठे जायचं, कधी जायचं, कोणत्या नावानं, कोणत्या पोशाखात, हरायचं की जिंकायचं, हे काहीच ठरवत नसे. दुसऱ्या कंपनीत काम करायची मुभाही नसे. स्वतंत्र होता तो फक्त खर्चापुरता.

पहिलवान आणि समालोचक जेसी व्हेंच्युरानं 1986 साली दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास सहकाऱ्यांना संघटना काढायचं सुचवलं. ती बात मालकापर्यंत पोहोचली. कुणी पोहोचवली हे त्याला पुढे स्वतःच्या खटल्यात मालकाच्याच साक्षीतून कळलं: हल्क होगननं. तो खटला व्हिडिओ कॅसेटांवरच्या रॉयल्टीचा होता आणि ज्यूरीनं त्याला 8 लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. 1995 मध्ये वरच्या न्यायालयानंही ती कायम ठेवली. एका माणसाला एकट्यानं लढून जे मिळालं ते बाकीच्यांना मिळालं नाही, कारण बाकीचे एकत्र नव्हते.

टीव्हीच्या सामन्यांत सर्वांत उघडा पडणारा माणूस मात्र व्हेंच्युराच्या पायरीचाही नसे. आठवड्याच्या कार्यक्रमांत नामांकित पहिलवानाच्या समोर हरायला स्थानिक होतकरू पोरं आणत, रोजंदारीवर. सोबत सराव नाही, कधी कधी डाव सांगणंही घाईचं. डिसेंबर 1990 मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथल्या चित्रीकरणात असाच एक जण ‘रॉकर ड्रॉपर’ या डावात सापडला. या डावात वरचा गडी मानेवर पाय टाकून खाली नेतो. खालच्यानं अंग सैल सोडून सपाट पोटावर आणि छातीवर उतरायचं असतं. त्या पोरानं सवयीनं डोकं आत घेतलं, पुढे कोलांटी मारावी तसं. टाळू कॅनव्हासवर आली आणि मान मोडली. तो कायमचा अपंग झाला. 1994 मध्ये ज्यूरीनं 2 कोटी 67 लाख डॉलरची भरपाई ठरवली. डाव दोघांनी आधी एकदा, सावकाश, करून पाहिला असता तर? दहा मिनिटांचं काम होतं. चित्रीकरणाच्या रात्री एकामागून एक सामने काढायचे असतात, तिथे ही दहा मिनिटं कोण देणार, हे करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सरकारी देखरेख होती तेव्हा तरी काय उजेड पडला होता? पेनसिल्व्हेनियात सामन्यांवर राज्याच्या क्रीडा आयोगानं नेमलेला डॉक्टर असे, जॉर्ज झहोरियन. तो तपासायला यायचा आणि पहिलवानांना स्टेरॉइड विकायचा. जून 1991 मध्ये तो दोषी ठरला. 1994 च्या उन्हाळ्यात कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्यावरही खटला चालला. होगननं साक्षीत आपण वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं, मॅकमॅहन निर्दोष सुटले. तेव्हा परवाना आणि शिक्का म्हणजे सुरक्षितता असं मानणं भाबडेपणाचं आहे. पण यातून निघतं ते एवढंच की डॉक्टर वाईट होता. वाईट तलाठी निघाला म्हणून सातबारा बंद करत नाहीत. झहोरियनला निदान कोर्टात उभं करता आलं, कारण औषधाचा कायदा होता. मोडलेल्या मानेसाठी उभं करायला कुणी अधिकारीच नव्हता.

तपासणी कशासाठी लागते याचा पुरावा अल्बनीच्या त्याच रिंगमध्ये होता. ‘टेक्सस टॉर्नेडो’ या नावानं उतरलेला केरी व्हॉन एरिक. 1986 च्या मोटारसायकल अपघातानंतर त्याचा एक पाय घोट्यापाशी कापावा लागला होता. तो कृत्रिम पायावर लढायचा आणि हे गुपित राहावं म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीतही बूट काढत नसे. 1988 मध्ये लास वेगासच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या हातात त्याचा बूट सुटून आला, तरी बोभाटा झाला नाही. वेदना, वेदनाशामकं आणि व्यसन या साखळीत तो अडकला. फेब्रुवारी 1993 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यानं जीव दिला. ज्याला बूट काढायला सांगायचा अधिकार आहे असा एक माणूस दारात उभा असता, तर त्याला रिंगमध्ये जाऊ दिलं असतं का? कदाचित दिलं नसतं, कदाचित अटी घालून दिलं असतं. निर्णय कुणीतरी जबाबदारीनं घेतला असता. त्या रात्रीच्या तिसांपैकी ब्रिटिश बुलडॉग 39 व्या वर्षी गेला, बिग बॉस मॅन 41 व्या, हर्क्युलिस 47 व्या. एकेकाचं कारण वेगळं, पण यादी वाचताना हात थांबतो.

कंपनी तेव्हापासून बदलली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2005 मध्ये कंपनीचा पहिलवान एडी ग्वेरेरो गेल्यानंतर पुढच्या वर्षी औषध आणि हृदयतपासणीचं धोरण आलं. डोक्यावर खुर्ची मारणं बंद झालं. डोक्याला मार लागला की सामना थांबवतात, जुन्या पहिलवानांच्या व्यसनमुक्तीचा खर्च कंपनी देते. ही सगळी कंपनीच्या मर्जीची भेट आहे, हक्क नव्हे, एवढाच मुद्दा. 2008 मध्ये तीन माजी पहिलवानांनी ‘आम्ही कंत्राटदार नाही, कर्मचारी आहोत’ असा दावा कनेक्टिकटमध्ये लावला. तो मुदत उलटली या कारणावर निकालात निघाला. मूळ प्रश्नाला न्यायालयानं हातही लावला नाही.

मागण्या अवघड नाहीत. कंपनीच्या पगारावर नसलेला डॉक्टर, आणि ‘आज नाही’ म्हणायचा त्याला अधिकार. नवख्यासोबतचा प्रत्येक मानेचा डाव आधी करून पाहायची सक्ती. वर्षातून सलग काही आठवडे सुट्टी, जी फुटबॉलपासून नाटकापर्यंत सगळ्यांना असते आणि कुस्तीला हंगामच नसल्यामुळे कधी मिळाली नाही. आणि कामावरच्या इजेसाठी विमा. यातलं काहीही केलं तरी निकाल ठरवण्याच्या कलेला धक्का लागत नाही. सॅव्हेजची चूक झाकणारा हीनन तेवढाच चतुर राहतो.

आपल्याकडचा ‘नुरा आहे, बंद करा’ म्हणणारा प्रेक्षक या सगळ्यात निष्पाप वाटतो. पण त्याचं आणि 1989 च्या कंपनीच्या वकिलाचं म्हणणं शब्दाला शब्द जुळतं: यात खरं काही नाही, तेव्हा बघण्यासारखंही काही नाही.

31 जुलै 2022 रोजी नॅशव्हिलमध्ये रिक फ्लेअरनं शेवटचा म्हणून जाहीर केलेला सामना खेळला. वय 73, छातीत पेसमेकर. कपाळ रक्तानं भरलेलं. त्या सामन्यात आपली दोनदा शुद्ध हरपली, असं नंतर त्यानंच सांगितलं. निकाल अर्थात ठरलेला होता. तो जिंकला.